रॅप की परिसर? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगा, कृष्णवर्णीय तरुणांच्या वागण्याला, त्यांच्यातल्या हिंसेला, दोष रॅप गाण्यांचा की परिसराचा?

परिसराचा. गाण्यांचा काहीच परिणाम होत नाही असं मी म्हणणार नाही. तो होतो, पण थोडा, काही मुलांवर, आणि बहुतेकदा जिथे भांडणं आधीच पेटलेली असतात तिथे. माझं मत ठाम होण्याचं कारण असं की अमेरिकेत अनेक ठिकाणी मुलांच्या कानातली गाणी तीच राहिली, त्यांच्या भोवतीची एखादीच गोष्ट बदलली, आणि त्यांचं वागणं मोजता येईल इतकं बदललं. परिसर होता तसाच ठेवून नुसती गाणी बदलली आणि गोळीबार थांबले, असं उदाहरण माझ्या वाचनात नाही. पुढची बरीचशी उत्तरं या एका फरकाभोवती फिरतात.

‘कृष्णवर्णीय तरुणांचं वागणं’ म्हणजे नेमकं काय? सगळे एकसारखेच वागतात का?

नाही, आणि हा प्रश्न आधी विचारायला हवा. बहुसंख्य कृष्णवर्णीय तरुण शिकतात, नोकरी करतात, घर चालवतात, आणि त्यातले कितीतरी दिवसभर रॅप ऐकतात. वाद होतो तो प्रत्यक्षात फार थोड्या मुलांच्या हिंसेवरून. शिकागोसारख्या शहरातही गोळीबार काही ठरावीक वस्त्यांमध्ये, आणि त्या वस्त्यांतही मोजक्या टोळक्यांमध्ये एकवटलेला असतो.

पण म्हणून काळजी खोटी ठरत नाही. अमेरिकेत १५ ते ३४ या वयातल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण खून हे आहे. अपघात नाही, आजार नाही. या आकड्यामागे मुलं गमावलेल्या आया आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकजणींना गाण्यांचा मनापासून राग येतो. त्यांचा राग मी हलका लेखत नाही.

रॅप मुळात आला कुठून?

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधून. ११ ऑगस्ट १९७३ ला १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये एका मुलीने शाळा सुरू होण्याआधी पार्टी ठेवली. नव्या कपड्यांसाठी थोडे पैसे जमवायचे होते. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ होता, जमैकाहून आलेला क्लाइव्ह कँपबेल, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसता तालाचा तुकडा तो दोन तबकड्यांवर पुन्हा पुन्हा फिरवत राहिला आणि पोरं त्यावर नाचत राहिली. रॅप ज्या हिपहॉप संस्कृतीतून आला तिचा जन्म इथे मानतात.

त्या वेळचं ब्राँक्स कसं होतं? शहराचे बलाढ्य नियोजन अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी आखलेला क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे हा महामार्ग भरवस्तीतून काढला गेला होता आणि त्यात हजारो कुटुंबं उठवली गेली होती. ज्यांना परवडलं ते उपनगरांत गेले. उरलेल्या इमारतींकडे मालकांनी पाठ फिरवली, विम्याच्या पैशांसाठी काही ठिकाणी आगी लावल्या गेल्या, आणि शहराने त्याच काळात त्या भागातली अग्निशमन केंद्रं कमी केली. १९७५ मध्ये न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या काठावर आलं तेव्हा शाळांमधले संगीत आणि चित्रकलेचे शिक्षक पहिल्या फेरीत गेले.

टोळ्या तर हर्कच्या पार्टीआधीपासून होत्या. डिसेंबर १९७१ मध्ये शांतता करायला गेलेल्या एका तरुणाचा खून झाल्यावर ब्राँक्सच्या टोळ्यांनी हो अव्हेन्यूवर बैठक घेऊन तह केला. तो तह झाला म्हणूनच एका गल्लीतली मुलं दुसऱ्या गल्लीतल्या पार्टीला जाऊ लागली. हिंसा आधी होती, गाणं नंतर आलं, आणि सुरुवातीला तरी ते हिंसा ओसरलेल्या जागेत आलं. रॅपवर बोलताना हा क्रम बरेचजण उलटा धरतात.

मग गाण्यांत बंदुका, ड्रग्ज, पोलिसांना शिव्या हे कधी शिरलं?

सुरुवातीची बरीच गाणी निव्वळ मौजेची होती. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅशच्या गटाचं ‘द मेसेज’ आलं आणि रॅप गल्लीतल्या फुटक्या काचा, उंदीर आणि बेकारी यांच्याबद्दल बोलू लागला. त्यानंतर क्रॅक, म्हणजे ओढायचं स्वस्त कोकेन, आलं. १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला तितकीच किमान शिक्षा ठेवली जितकी ५०० ग्रॅम पावडर कोकेनला होती. क्रॅकच्या गुन्ह्यात तुरुंगात जाणारे बहुतांश कृष्णवर्णीय होते. हे शंभरास एक प्रमाण २०१० पर्यंत टिकलं, मग अठरास एक झालं.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडे आणखी एक गोष्ट घडत होती. साउथ गेटमधला फायरस्टोनचा टायर कारखाना १९८० मध्ये बंद झाला, जनरल मोटर्सचा १९८२ मध्ये. शेजारच्या कॉम्प्टनमधल्या बापांची चांगल्या पगाराची कामं गेली. १९८८ मध्ये त्याच कॉम्प्टनमधून एन.डब्ल्यू.ए. या गटाचा अल्बम आला. त्यातल्या पोलिसांविरुद्धच्या गाण्यावरून १९८९ मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्र पाठवलं. तीन वर्षांनी, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस सुटले तेव्हा लॉस एंजेलिस पेटलं, आणि गाण्यात काय सांगितलं होतं ते अनेकांना तेव्हा कळलं.

रॅप लोकप्रिय होत गेला तशी हिंसा वाढत गेली का?

उलट झालं. १९९१ मध्ये अमेरिकेत दर लाख लोकांमागे ९.८ खून होत होते. २०१४ पर्यंत तो दर साधारण साडेचारवर आला. न्यूयॉर्क शहरात १९९० मध्ये २,२४५ खून झाले. २०१७ मध्ये ३०० हूनही कमी. आणि २०१७ हेच ते वर्ष ज्यात हिपहॉप आणि आर अँड बी मिळून अमेरिकेतला सर्वाधिक ऐकला जाणारा प्रकार ठरला, रॉकला मागे टाकून. म्हणजे रॅप कोपऱ्यातल्या दुकानातून प्रत्येकाच्या फोनमध्ये पोहोचला त्याच पंचवीस वर्षांत खून निम्म्यावर आले.

यावरून रॅपमुळे खून घटले असा निष्कर्ष काढायचा नाही. पण गाणं हेच मुख्य कारण असतं तर आलेख असा उतरला नसता. २०२० मध्ये देशातले खून एका वर्षात जवळपास ३० टक्क्यांनी वाढले. त्या वर्षी महासाथ आली, शाळा बंद पडल्या, पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर पोलीस आणि वस्त्यांमधलं नातं तुटलं, बंदुकांची विक्री प्रचंड वाढली. गाणी २०१९ सारखीच होती.

पण प्रयोगांमध्ये तर गाण्यांचा परिणाम दिसला आहे ना?

दिसला आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. २००३ मध्ये आयोवातल्या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना हिंसक शब्दांची गाणी ऐकवली. गाणं संपल्या संपल्या त्यांच्या मनात आक्रमक विचार आणि वैरभाव जास्त आढळले. त्यातली बरीचशी गाणी रॉकची होती, हे सहसा सांगितलं जात नाही. १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनच्या एका युवक केंद्रात ११ ते १६ वर्षांच्या ४६ कृष्णवर्णीय मुलांवर प्रयोग झाला. हिंसक रॅप व्हिडिओ पाहिलेल्यांना गोष्टीतली मारामारी जास्त समर्थनीय वाटली. अलाबामात ५२२ कृष्णवर्णीय मुलींचा वर्षभर मागोवा घेतला तेव्हा रॅप व्हिडिओ जास्त पाहणाऱ्या मुलींमध्ये शिक्षकावर हात उगारणं आणि अटक होणं यांचं प्रमाण जास्त निघालं.

हे सगळं मी खरं मानतो. पण यातून काय कळतं? प्रयोगशाळेत काही मिनिटांचा राग मोजला गेला. त्या रागाचं पुढे रस्त्यावर काय होतं ते तिथे कळत नाही. आणि अलाबामाच्या अभ्यासात दोन गोष्टी सोबत चालताना दिसल्या. ज्या मुलीवर घरात लक्ष ठेवणारं कोणी नाही ती व्हिडिओही जास्त पाहते आणि भांडणांतही जास्त पडते, ही शक्यता उरतेच. विल्मिंग्टनच्या प्रयोगातली दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. मारामारी नसलेले, फक्त गाड्या आणि दागिने मिरवणारे व्हिडिओ पाहिलेल्या मुलांनाही अभ्यासाने काही साधेल असं कमी वाटू लागलं. बंदुकीच्या बढाईपेक्षा ‘शाळेतून काही मिळत नाही’ हा संदेश अधिक खोल जात असेल, तर त्याची चर्चा व्हायला हवी. आणि त्या मुलांच्या गल्लीत शाळेतून खरोखर किती जणांना काही मिळालं होतं, याचीही.

गाणं ऐकून कोणी खून केल्याचं न्यायालयात सिद्ध झालंय का?

टेक्सासमध्ये १९९२ साली एका १८ वर्षांच्या तरुणाने चोरीच्या गाडीत असताना पोलीस अधिकाऱ्याला गोळी घालून मारलं. गाडीत रॅपर तुपाक शकूरची टेप वाजत होती आणि त्या गाण्यांनी आरोपीला भडकवलं असा बचाव त्याच्या वकिलांनी केला. तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी त्या अल्बमला समाजात जागा नाही असं जाहीरपणे म्हटलं. ज्यूरीला मात्र बचाव पटला नाही. आरोपीला मृत्युदंड झाला आणि २००५ मध्ये तो अमलात आला. अधिकाऱ्याच्या कुटुंबाने तुपाक आणि कंपनीवर केलेला दावाही टिकला नाही.

‘परिसर’ म्हणजे तुम्ही नक्की काय धरता? गरिबी?

नुसती गरिबी नाही. गरीब गोरी कुटुंबं अमेरिकेत भरपूर आहेत, पण ती बहुधा विखुरलेली राहतात. कृष्णवर्णीय गरिबी एकाच ठिकाणी कोंडली गेली, आणि ती कोंडण्याचं काम सरकारने केलं. १९३० च्या दशकात केंद्राच्या गृहकर्ज संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीय वस्त्या लाल दाखवल्या, म्हणजे तिथे कर्ज देणं धोक्याचं. १९३४ नंतर सरकारी कर्जहमी त्या वस्त्यांना जवळपास बंद राहिली. १९६८ च्या कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरला, पण मधल्या तीस-पस्तीस वर्षांत गोऱ्या कुटुंबांची घरं झाली, घरांची किंमत वाढली, त्यावर मुलांची कॉलेजं झाली. अमेरिकेत शाळांचा मोठा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळे स्वस्त घरांच्या वस्तीला शाळाही बेताची मिळते.

मग कारखाने गेले. समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी शिकागोच्या दक्षिण भागाबद्दल दाखवून दिलं की काम गेलं की माणसाचा दिवसच मोडतो. सकाळी उठून कुठे जायचं, मुलाला काय दाखवायचं, लग्न कशाच्या जोरावर करायचं, हे सगळं त्याबरोबर जातं. जुन्या घरांच्या रंगातलं आणि नळातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूत जातं आणि पुढे रागावर ताबा ठेवणं अवघड होतं, हेही परिसरातच येतं. गोळीबाराचा आवाजही येतो. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की यांनी शिकागोतल्या मुलांच्या चाचण्या तपासल्या तेव्हा असं दिसलं की घराजवळ खून झाल्यानंतरच्या काही दिवसांत कृष्णवर्णीय मुलांचे भाषेचे गुण घसरतात. त्या मुलाने खून पाहिलेलाही नसतो. नुसतं त्या गल्लीत राहणं पुरतं.

आणि बंदुका. अमेरिकेत नागरिकांकडे असलेल्या बंदुकांची संख्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहे. लंडनमध्येही ड्रिल प्रकारचं रॅप चालतं, तितकंच धमकावणारं. तिथली मुलं एकमेकांवर चाकू चालवतात आणि जखमी झालेले बरेचजण वाचतात. मुंबईत कुर्ल्याच्या आणि अंधेरीच्या चाळींतून आलेल्या मुलांनी अमेरिकन रॅप ऐकूनच लिहायला सुरुवात केली. त्यांच्या गल्लीत भांडणं होती, पिस्तुलं नव्हती.

परिसर बदलल्यावर वागणं बदलतं, याला पुरावा काय?

इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण या चर्चेतला सगळ्यात भक्कम भाग हाच आहे आणि सगळ्यात कमी वाचला जातो.

१९९४ ते १९९८ या काळात अमेरिकी सरकारने बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क इथल्या सरकारी वसाहतींतल्या ४,६०४ कुटुंबांची सोडत काढली. नशीब लागलेल्यांना कमी गरिबीच्या भागात भाड्याने राहण्यासाठी मदत मिळाली. सुरुवातीचे निकाल गोंधळात टाकणारे होते. तरुणांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका कमी झाल्या, पण काही वर्षांनी मुलग्यांच्या चोरीच्या अटका वाढल्या. वयात आल्यावर नव्या जागी रुजणं त्यांना जड गेलं. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तीच मुलं मोठी झाल्यावर पुन्हा पाहिली. तेरा वर्षांच्या आत जी खरोखर नव्या भागात राहायला गेली, त्यांची विशीतली कमाई मागे राहिलेल्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त होती. त्यांची गाण्यांची आवड कोणी बदलली नव्हती. शेजार बदलला होता, तोही लहानपणी.

घर न बदलताही फरक पडतो. फिलाडेल्फियात संशोधकांनी ५४१ ओसाड प्लॉट घेतले. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काहींवरचा कचरा उचलला, गवत लावलं, दोनचार झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. बस, एवढंच. गरिबीरेषेखालच्या भागांत अशा प्लॉटच्या आसपास बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली. ओसाड जागेत बंदुका लपवता येतात, माल विकता येतो. हिरवळ आली की म्हाताऱ्या बाया बाहेर खुर्ची टाकून बसतात.

शिकागोत हिंसाग्रस्त भागातल्या शाळांच्या १,६३४ विद्यार्थ्यांतून काहींना आठ आठवडे उन्हाळी काम दिलं, किमान वेतनावर. पुढच्या सोळा महिन्यांत त्यांच्या हिंसक गुन्ह्यांच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी निघाल्या, आणि त्यातली बरीच घट काम संपल्यानंतरची होती. मुलं रस्त्यावर नव्हती म्हणून गुन्हे झाले नाहीत, एवढंच कारण नव्हतं. त्यांच्यात काहीतरी बदललं होतं.

शिकागोतलाच आणखी एक कार्यक्रम मला फार शिकवून गेला. शाळेतल्या मुलग्यांना आठवड्यातून एकदा गोल बसवतात. एका खेळात जोड्या करतात, एकाच्या हातात चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो मिळव. मुलं झटापट करतात, बोटं पिरगाळतात, ढकलतात. मग शिकवणारा विचारतो, ‘नुसता मागितला का नाही?’ उत्तर येतं की मागितला असता तर त्याने मला भित्रा समजलं असतं. आणि चेंडू धरणारा म्हणतो, मागितला असता तर दिला असता. अशा तासांना बसणाऱ्या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका त्या काळात ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. कार्यक्रम संपल्यावर अटकांवरचा परिणाम ओसरला, हेही सांगायला हवं. पण ज्या गल्लीत मागणं म्हणजे कमजोरी, तिथे मूल आधी हात उगारायला शिकतं, आणि ते त्या गल्लीपुरतं शहाणपणाचंही असतं. ते शिकायला त्याला गाण्याची गरज पडत नाही.

पण सुखवस्तू कृष्णवर्णीय घरांतल्या मुलांनाही अडचणी येतात, ते कसं?

चेट्टी यांच्याच २०१८ च्या अभ्यासात हे दिसलं. आईवडिलांची कमाई सारखी असली तरी देशातल्या ९९ टक्के वस्त्यांमध्ये कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी गोऱ्या मुलग्यांपेक्षा कमी कमावतात. मुलींमध्ये असा फरक जवळजवळ नाही. एकाच घरात, एकाच गाडीत तीच गाणी ऐकलेल्या बहिणीची वाट वेगळी जाते.

बाहेर मुलग्याकडे कसं पाहतात, हाही परिसरच. समाजशास्त्रज्ञ दिवा पेजर यांनी मिलवॉकीत नोकरीसाठी तरुण पाठवले, अर्जात शिक्षण आणि अनुभव सारखाच. तुरुंगवास झालेल्या गोऱ्या अर्जदाराला १७ टक्के ठिकाणांहून फोन आला. कुठलाही गुन्हा नसलेल्या कृष्णवर्णीय अर्जदाराला १४ टक्के. वीस वर्षांच्या पोराने हे तीनचार वेळा अनुभवलं की त्याला जे वाटेल, ते कुठल्याही गाण्यात आधीच लिहिलेलं असतं.

वडील घरात नसतात, हे खरं कारण नाही का?

काही अंशी आहे. चेट्टी यांना जिथे कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलग्यांच्या कमाईतली दरी कमी दिसली, त्या वस्त्यांमध्ये कृष्णवर्णीय वडील घरी असण्याचं प्रमाण जास्त होतं. स्वतःचे वडील नसले तरी शेजारचे काका-मामा दिसणं मुलग्यांना उपयोगी पडलं. पण कृष्णवर्णीय बाप बेफिकीर असतात ही समजूत चुकीची आहे. सरकारच्या २०१३ च्या पाहणीत मुलांसोबत राहणारे कृष्णवर्णीय वडील त्यांना अंघोळ घालणं, भरवणं, अभ्यास घेणं यांत इतरांच्या बरोबरीने किंवा पुढे होते.

रॅपला दोष देणारे अनेक विचारवंत स्वतः कृष्णवर्णीय आहेत. त्यांचं काय?

त्यांचं म्हणणं ऐकायलाच हवं. नागरी हक्क चळवळीतून आलेल्या सी. डेलोरेस टकर यांनी नव्वदच्या दशकात स्त्रियांना हीन लेखणाऱ्या गाण्यांविरुद्ध मोहीम उभारली. भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकव्हॉर्टर यांनी २००३ मध्ये लिहिलं की रॅप बंडखोरीच्या नावाखाली तरुणांना मागे खेचतो. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ ऑर्लँडो पॅटरसन यांचं म्हणणं असं की समाजशास्त्र संस्कृतीचा विचार करायलाच घाबरतं.

टकरबाईंशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. स्त्रियांबद्दलची ती भाषा मला सहन होत नाही आणि कलेच्या नावाखाली तिचं समर्थन करावंसं वाटत नाही. पॅटरसन यांचा मुद्दाही खरा आहे की माणूस नुसता परिस्थितीचा प्यादा नसतो. फक्त संस्कृती कशातून घडते हा पुढचा प्रश्न त्यांच्या वाचकांनी सोडू नये. समाजशास्त्रज्ञ एलायजा अँडरसन यांनी फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन अव्हेन्यूवर वर्षानुवर्षं फिरून जे टिपलं, ते मला यातलं सर्वांत समंजस वाटतं. जिथे पोलीस वेळेवर येत नाहीत, तिथे ‘माझ्या वाटेला जाऊ नका’ असं चालण्या-बोलण्यातून दाखवणं हाच बचाव होतो. सज्जन घरांतली मुलंही बाहेर पडताना तो अवतार घेतात आणि घरी आल्यावर उतरवतात. रॅपने त्या अवताराला सूर दिला आणि मग कंपन्यांनी तो जगभर विकला.

ड्रिल रॅपमुळे तर थेट खून होतात असं म्हणतात.

या एका बाबतीत गाणी आणि हिंसा यांचं नातं मला खरंच जवळचं वाटतं. ड्रिल २०११-१२ च्या सुमारास शिकागोच्या दक्षिण भागातून आलं. रॉबर्ट टेलर होम्ससारख्या प्रचंड वसाहती तोवर पाडून झाल्या होत्या, माणसं विखुरली होती, जुन्या टोळ्यांचे छोटे छोटे गट झाले होते. २०१३ मध्ये शहराने सुमारे पन्नास शाळा बंद केल्या, बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या. तिथली मुलं फोनवर व्हिडिओ काढून समोरच्या गल्लीतल्या मेलेल्या मुलाची नाव घेऊन टिंगल करतात, आणि त्याचा सूड घेतला जातो. हे घडलेलं आहे.

पण समाजशास्त्रज्ञ फॉरेस्ट स्टुअर्ट यांनी अशा तरुणांबरोबर बराच काळ घालवला तेव्हा त्यांना दिसलं की व्हिडिओतला मोठा भाग बढाई असते, बंदुका कधी उसन्या, कधी नकली. जितकं भयानक दिसाल तितके व्ह्यूज, आणि व्ह्यूज म्हणजे त्या पोरांच्या आवाक्यातली एकमेव कमाई. ती बढाई नंतर त्यांच्यावरच उलटते. पैसा मात्र प्लॅटफॉर्मला मिळतो, आणि दूरवर सुरक्षित घरात बसून ते पाहणाऱ्याला काहीच होत नाही.

गोरी मुलंही हेच ऐकतात. त्यांच्याबद्दल ही चर्चा का होत नाही?

मानसशास्त्रज्ञ कॅरी फ्राइड यांनी नव्वदच्या दशकात १९६० च्या एका लोकगीताचे शब्द लोकांना वाचायला दिले. गाणं पोलिसाला गोळी घालण्याबद्दलचं होतं आणि गाणारे गोरे होते. काहींना सांगितलं की हे रॅप आहे, काहींना सांगितलं कंट्री आहे. शब्द तेच. रॅप म्हणून वाचणाऱ्यांना ते जास्त धोकादायक वाटलं, त्यावर बंदी हवी असं जास्त वाटलं. २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तसाच प्रयोग पुन्हा केला आणि कल तोच निघाला.

गाण्याचे शब्द न्यायालयात पुरावा म्हणून वापरतात, हे खरं आहे?

हो. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये त्यावर मर्यादा घालणारा कायदा केला. जॉर्जियात मात्र रॅपर यंग थगच्या लांबलेल्या खटल्यात न्यायाधीशांनी काही ओळी ज्यूरीपुढे आणायला परवानगी दिली. जिथे स्वतंत्र पुरावा आहे तिथे गाण्याची गरज नाही, आणि जिथे तो नाही तिथे गाण्यावर माणूस तुरुंगात जाऊ नये, असं माझं मत आहे.

मराठी वाचकाने यात का पडावं?

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहून. म्हणजे या प्रश्नात आपण आधीपासून पडलेलो आहोत. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि त्यातल्या भाषेने अनेकांना धक्का बसला. पण त्या कवितेमुळे कामाठीपुरा तसा झाला असं म्हणायला आपण धजावत नाही. आणि एखाद्या समाजालाच गुन्हेगार ठरवण्याचं काय होतं, हे पारधी वस्त्यांना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून आजपर्यंत भोगावं लागतंय.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमचा पंधरा वर्षांचा मुलगा सतत रॅप ऐकतो. काळजी करावी का?

गाण्यांमुळे तो गुंड होईल ही काळजी सोडा. त्याची शाळा चांगली आहे, घरात दोन माणसं त्याची वाट पाहतात, पोलीस त्याला रस्त्यात थांबवून भिंतीकडे तोंड करायला लावत नाहीत. हे सगळं त्याच्या हेडफोनपेक्षा फार मोठं आहे.

स्त्रियांबद्दल तो काय ऐकतो, यावर मात्र बोला, आणि ओरडून नका बोलू. सोबत बसून ऐका. रॅपर केंड्रिक लमारला २०१८ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. शास्त्रीय संगीत आणि जॅझ सोडून दुसऱ्या कुठल्या प्रकाराला संगीताचं पुलित्झर मिळण्याची ती पहिली वेळ. कॉम्प्टनमध्ये वाढलेल्या माणसाने ते गाव किती बारकाईने पाहिलंय हे तुमच्या मुलाला कदाचित तुमच्याहून जास्त ठाऊक असेल. त्याला सांगायला सांगा. आणि त्याचा वर्गातला कृष्णवर्णीय मित्र घरी आला, तर त्याच्या हुडीवरून आणि कानातल्या गाण्यावरून तुमच्या मनात काय येतं ते तपासा. मुलगा ते पाहत असतो, आणि त्याचा परिसर म्हणजे तुम्हीसुद्धा आहात.